मामी नटत बसली नव्हती

आमच्याकडे लग्न निघालं की कोणीतरी माझ्या बायकोला म्हणतंच, ‘मामी, यावेळी आदल्या दिवशीच नटून बसा बरं!’ सगळे हसतात. अकोल्याच्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकांना तिच्यामागे मामा उभा राहू शकला नाही, तो मामीच्या नटण्यापायी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय.

साफ खोटं! अमरावतीहून निघताना ती माझ्याआधी गाडीत बसली होती. मूर्तिजापूरच्या अलीकडे ढाब्यावर गाडी मी थांबवली. बहिणीने अक्षत घेऊन घरी यायचं सोडून मोबाइलवर पत्रिका धाडली, याचा मला राग होता.

‘मुहूर्त टळून राहिला ना, चला आता,’ बायको विनवत होती.

‘पाहू दे वाट. मामाची किंमत समजू दे तिले,’ म्हणत मी दुसरा चहा मागवला.

मंडपात बहीण कडाडली, ‘वयनी, आजच्या दिवशी तरी नटणं आवरायचं!’ बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी फेटा बांधून घेत होतो.

आता धाकट्या भाचीचं लग्न आहे आणि बायको येत नाही म्हणते. येईल कशी? गाडी कोण चालवत होतं, हे एकानेही कधी विचारलं नाही. मी चालवत होतो. हसायचं तर मला हसा.