पडद्याची मागची बाजू

बायको जाऊन वर्ष होईल. ती असेपर्यंत मी हे कोणापुढे काढलं नाही, तिला सोसलं नसतं. आता ती नाही, आणि माझंही काही खरं नाही. चार यत्ता शिकलेला माणूस आहे, जमेल तसं लिहितो.

स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती. आम्ही दोघं कळव्याच्या अंगाला खाडीवरच्या मिठागरात कामाला होतो. आमचा पहिला मुलगा बारशाच्या आधीच गेला. दूध ओढायचा थांबला, जबडा मिटला, अंग ताठ होऊन कमान झाली. आमच्यात म्हणायचे सटवीने नेलं, आणि गप्प बसायचे. वस्तीत फार घरं तशी गप्प बसलेली होती. बायकोला मात्र ते पटलं नाही. पुन्हा दिवस गेले तेव्हा तिच्या डोक्यात एवढं एकच होतं, हे पोर जगवायचं.

त्याच सुमाराला ठाण्याहून सरकारी गाडी आली. वर कर्णा, आत सिनेमाचं मशीन. ती गाडी लोकांना शिकवायला फिरायची. विहिरीत औषध कसं टाकायचं, देवीची लस का टोचून घ्यायची, असलं. या खेपेला फिल्म बाळंतपणाची होती. मिठाच्या राशींपुढे दोन बांबू रोवून पडदा बांधला. कापड पातळ, चित्र दोन्हीकडून दिसायचं. पुरुष पुढे बसले, बायका पडद्याच्या मागे. असं कोणी ठरवलं नाही. चार लोकांत बायकांनी पुरुषांच्या पुढ्यात बसायचं नाही ही आमची रीतच होती. कर्ण्याचं तोंड पुरुषांकडे.

गाडीवरचा साहेब म्हणाला, "अहो, बायकांना पुढे बसवा. ही त्यांच्याचसाठी आहे."

आमचा मुकादम म्हणाला, "सायेब, त्यांना दिसतंय ना? मग झालं. आमी काय बाळंत व्हनार हाय का?" सगळे हसले.

हे मला मागून कळलं. मी त्या संध्याकाळी तिथे नव्हतो. उधाण होतं, बांधाला भगदाड पडलेलं, आम्ही काही गडी चिखल टाकत होतो. घरी आलो तर ही चुलीपाशी माझी वाट बघत बसलेली.

"सगळं बघून आले," ती म्हणाली. "हात साबनानं धुतात. पातं उकळत्या पान्यात टाकतात, मग नाळ कापतात. मग डब्यातनं पांढरी पूड घेऊन बेंबीवर घालतात."

"कसली पूड?"

"राख, दुसरं काय? आपन घालतो तीच. पन चाळलेली, पिठासारखी. आपली काळी, खड्यांची. तितंच आपलं चुकतंय."

"काय बोलले त्यात?"

"वारा तिकडचा हुता, आयकू आलं नाय. पन डोळे फुटलेत काय माझे?"

डब्यावर अक्षरंही होती म्हणे. मागच्या बाजूने ती उलटी दिसली असणार. सुलटी असती तरी तिला काय कळणार होतं.

वस्तीची सुईण म्हणजे माझी चुलत आत्या. तीही मागेच बसली होती. ती म्हणाली, "इतकी पोरं काडली मी, तवा कोन सरकार आला नवता शिकवायला. पन राख चाळतात ते बरं दिसलं. पोराला टोचत नाय."

मग ही गोवऱ्यांची राख धरून बसली. जुन्या लुगड्याचा तुकडा दुहेरी करून त्यातून चाळायची, पुन्हा चाळायची. बोटांत घेऊन मला दाखवायची. कामावरून थकून यायची, पोट पुढे आलेलं, तरी चाळायची. झाकणाच्या डब्यात भरून ठेवली, कोणाला हात लावू दिला नाही.

मुलगी झाली. आत्याचे हात हिने स्वतः बघून धुऊन घेतले. कळा येत असताना विचारत होती, पातं उकळलं का. उकळलं होतं. नाळ कापली, राख घातली. पाचवी पुजली. पोर छान प्यायची. बायको मला म्हणाली, "हिचा आवाज बघ कसा हाय. ही ऱ्हानार."

नाही राहिली. थोड्या दिवसांनी पहिल्यासारखंच झालं, जबडा, मग कमान. खाडीच्या काठाला पुरून आलो. आत्या दारात येऊन म्हणाली, "केलास ना गो तुजा शिनेमा?"

पुढच्या साली गाडी पुन्हा आली. तीच फिल्म. ही गेली आणि मागे बसली. मी पुढे बसलो. साबण आला, पातं आलं, डबा आला. आणि कर्ण्यातून बाई बोलली, ही जंतुनाशक पावडर आहे, सरकारी दवाखान्यात मिळते, बेंबीला राख, शेण, माती काहीही लावू नका.

मी शेजारच्याला विचारलं, "गेल्या साली पन असंच बोलली?"

"बोलली असंल."

"मग घरी सांगितलं नाय कोनी?"

"बायकांचं ते," तो म्हणाला. "आपन काय सांगनार?" त्याचीही दोन गेली होती.

घरी आल्यावर तिने विचारलं, "डब्यात काय हाय?"

मला फिरवून बोलता येत नाही. म्हटलं, "औषधाची पावडर. राख लावू नका बोलतात."

ती म्हणाली, "चाळलेली पन?"

"चाळलेली पन."

तिने मला भात वाढला. स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती आत्याकडे जाऊन सगळं सांगून आली. आत्या म्हणाली, "दवाखाना ठान्याला, भरतीला वाट पान्याखाली. पोर काय भरती बघून येतं? बेंबी उघडी ठिवू?" ती राखच घालत राहिली. पोरं जात राहिली, काही जगली. जगली त्यांच्या आया म्हणायच्या, राखेने जगली.

आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. तिने होऊ दिलं नाही. मी जवळ गेलो की म्हणायची, "कशाला? पुरायला?" मग आम्ही दोघंच म्हातारे झालो, आणि आता मी एकटा आहे.