सतरा नंबरच्या घराचा नकाशा

माझं दुकान झेरॉक्सचं आणि नकाशांच्या प्रिंटचं. रत्नागिरीत ज्याला घर बांधायचंय तो कधी ना कधी कागदाची गुंडाळी घेऊन माझ्या काउंटरवर येतोच. त्यामुळे ‘घर पाहावं बांधून’ म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. इथे मी नवरा-बायको भांडताना पाहिलेत, एका जिन्यावरून सख्खे भाऊ अबोला धरताना पाहिलेत. पण नकाशापायी रडलेला माणूस एकच पाहिला, आणि तो स्वतः गवंडी होता.

काशीरामदादा. वय एकाहत्तर, उभं आयुष्य जांभ्याचा चिरा बसवण्यात गेलं. हातखंब्याच्या अलीकडे त्यांचं स्वतःच्या हातानं बांधलेलं चिऱ्याचं घर होतं. हायवे चौपदरी झाला तेव्हा ते रस्त्यात गेलं. मोबदला आला, तो ठाण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने, स्वरूपने, एका मोठ्या स्कीममध्ये गुंतवला. आरे-वारेच्या वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, ‘सागरसडा’ नावाची रिसॉर्ट वसाहत होणार होती. गेट, क्लबहाउस, पोहण्याचा तलाव आणि साठ बंगले. त्यातला सतरा नंबर यांचा. घर उभं राहीपर्यंत नवरा-बायको माझ्या दुकानामागच्या खोलीत भाड्याने राहायला आले.

मी खोली दाखवली तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, “टाइल बघा दादा, आरशासारखी आहे.” काशीरामदादांनी पायाने टाइल घासून पाहिली आणि मान हलवली. त्यांच्या पत्नी सखूवहिनी दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. त्यांना दिसत नव्हतं. काचबिंदूने सहा वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले होते.

आता इथे एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. त्यांच्या जुन्या घरी मी दोनदा गेलो होतो, आणि पहिल्या खेपेला वहिनींना दिसत नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या आतून पाणी घेऊन आल्या, माझ्यासमोर बरोबर तांब्या ठेवला, परत गेल्या, चुलीवरचा भात उतरवला, परसात जाऊन कढीपत्ता तोडून आणला. हात कुठे टेकला नाही की पाऊल अडखळलं नाही. वर मलाच म्हणाल्या, “भाऊ, जरा सरकून बसा, तिथं वारा येत नाय.” स्वरूपने एकदा त्या घरात लादी घालायचा विषय काढला, तर ह्या बाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. म्हातारीचा हट्ट म्हणून आम्ही सगळे हसलो होतो.

माझ्या खोलीत त्या पहिल्या आठवड्यात दोनदा पडल्या. तिसऱ्यांदा उभ्याच राहिल्या नाहीत. खाटेवर बसल्या त्या बसल्या. जेवण खाटेवर, वेणीफणी खाटेवर. संडासला काशीरामदादा दोन्ही हात धरून न्यायचे, त्या डोळे गच्च मिटून जायच्या. चार महिन्यांत पायांच्या काड्या झाल्या. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, चालवा, नाहीतर पाय आखडतील आणि मग कधीच चालणार नाहीत.

“घर व्हायला अजून वरीस,” काशीरामदादा मला म्हणाले. “आनि हिचे पाय वरीसभर थांबायचे नायत. पन भाऊ, तिला कळलं ना, की तेच घर परत येतंय, तसंच्या तसं, तर ती उठंल. हट्टी हाय ती.”

तेच घर, तसंच्या तसं. हे त्यांनी मनात धरलं आणि मग माझ्याही डोक्याला शांतता राहिली नाही.

सागरसड्याच्या ऑफिसात मृणाली नावाची आर्किटेक्ट होती. मुलगी गोड, कामाला चोख. तिने समोर तीन चित्रं मांडली. बाली पद्धत, भूमध्य समुद्राकाठची पद्धत, आणि कोकण हेरिटेज. प्रत्येकात दोन नकाशे. महिनाअखेरीपर्यंत निवडायचं, नाहीतर कंपनी देईल ते. मी सोबत गेलो होतो कारण इंग्रजी अक्षरं वाचायला कुणीतरी हवं होतं. कोकण हेरिटेजमध्ये कोकण कुठे आहे ते मी बराच वेळ शोधलं. भिंतीला चिऱ्याचं चित्र छापलेली टाइल होती. काशीरामदादांनी नमुन्याच्या तुकड्यावर नखाने टकटक केली.

“बाय, ह्यो चिरा सोलून निघंल.”

“आजोबा, ते फक्त दिसायला आहे,” ती म्हणाली.

“माजी बायको आंधळी हाय. तिला दिसायला काय करायचंय? तू मला भिंती दे. भिंती कुठं ते मी सांगतंय.”

त्या दिवसापासून ते माझ्या काउंटरवर बसायला लागले. वाया गेलेल्या प्रिंटच्या पाठीवर जुनं घर काढायचे. फूट-इंच नाही, चिरे मोजून. डोळे मिटायचे, ओठ हलवायचे. “ओटीची भिंत बावीस चिरे. मंग दरवाजा. मंग माजघर, पंदरा चिरे.” पन्नास वर्षांपूर्वी लावलेला एकेक चिरा त्या माणसाला पाठ होता. मी ते फुटांत करून द्यायचो. मृणाली ते संगणकावर चढवायची, प्रिंट माझ्याकडे यायची, हे परत खोडायचे. मोरी अर्धा चिरा सरकली. देवघराचा कोनाडा राहिला. एकदा सगळं जुळलं, पेढे आणले, आणि संध्याकाळी ते धावत परत आले. प्लॉट रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला होता म्हणून कंपनीने नकाशा उलटा करून टाकला होता. डाव्या हाताचं स्वयंपाकघर उजव्या हाताला.

त्या दिवशी ते रडले. माझ्या काउंटरवर डोकं ठेवून, गिऱ्हाइकांसमोर. “ती डावीकडं वळंल, भाऊ, आनि भिंतीवर आपटंल. मला काय करायचंय ती पोवायची टाकी?”

मी तसा तापट माणूस. गाडी काढली, त्यांना घेऊन सड्यावर गेलो आणि तिथल्या मॅनेजरला अशा काही शब्दांत समजावलं की बिचाऱ्याने चहा मागवला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे सतरा नंबरच्या घराला तेवढी झाली. पण मृणालीने रदबदली केली आणि नकाशा सुलटा झाला. महिन्याच्या तीस तारखेला, एकोणिसाव्या प्रिंटवर काशीरामदादांनी सही केली. त्या रात्री त्यांना पाच महिन्यांत पहिल्यांदा सलग झोप लागली म्हणे. सखूवहिनींना त्यांनी सगळं सांगितलं. त्या ऐकून घ्यायच्या. “हां,” म्हणायच्या.

पायाच्या खोदाईआधी जमिनीवर फक्कीने घराच्या रेषा मारतात. खुंट्या ठोकून दोरी ओढतात आणि दोरीवरून पांढरी पूड सोडतात. हे काम काशीरामदादांनी कुणाला करू दिलं नाही. स्वतः केलं, आणि जिथे दरवाजे येणार तिथे दोन्ही बाजूंना एकेक खरा चिरा आणून ठेवला, हाताला लागावा म्हणून. मग वहिनींना आणायला मला सांगितलं. आम्ही दोघांनी धरून त्यांना गाडीतून उतरवलं. सकाळचं ऊन होतं, खालून समुद्राचा आवाज येत होता. वहिनींच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं. मृणाली मुद्दाम थांबली होती, तिच्या डोळ्यांत आधीच पाणी.

काशीरामदादांनी त्यांना ओटीच्या रेषेत उभं केलं आणि हात सोडला.

“सखे, ही आपली ओटी. आता समोर सात पावलं. मंग माजघराचा दरवाजा. चल गो.”

वहिनी उभ्या. त्यांनी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मग थांबल्या.

“मी कुठं हाय?”

“ओटीवर. आपल्या ओटीवर.”

“नाय.” त्यांनी उघड्या सड्यावर तळवा घासला. “ही ओटी नाय. अवो, मला धरा. धरा मला!”

दादांनी धरलं. ते चिडले होते, घाबरले होते. “बावीस चिरे हायत गो! मी सोता मोजलेत. भिंत तिथंच हाय, दरवाजा तिथंच हाय. तू भिंतीच्या हिशेबानं चाल ना!”

“भिंतीच्या हिशेबानं मी कवा चालली?” वहिनी म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण आम्हा सगळ्यांना ऐकू गेला. “भिंती तुमच्या. तुमी बांदलाव. जमीन माजी होती.”

त्यांनी तळवा पुन्हा सड्यावर घासला.

“ओटीचा कोबा गार. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला की सारवण. दर आठवड्याला मीच सारवायची ना? डोळं गेले तरी सारवायची. बोटं चुलीकडं तोंड करून ओढायची. पायाला ते वळसे लागायचे, मला कळायचं चूल कुठं. परसाकडं जायचं तर वळसे आडवे लागायचे. आनि जमिनीत पुरलेलं दगडी व्हायन, मिरची कुटायचं, त्याच्या आधी जमीन जरा खाली जायची. तिथं तुमची लेवल चुकलेली.” एवढं बोलून त्यांना दम लागला. “म्हैनाभर कागुद काढताव. ह्या भाऊला इचारलंव, त्या पोरीला इचारलंव. मला कवा इचारलंव?”

काशीरामदादांनी मृणालीकडे पाहिलं, बुडणारा माणूस पाहतो तसं.

“बाय, जमीन काय हाय ह्या घरात?”

“पॉलिश टाइल, आजोबा. साठही घरांना तीच.”

“माती नाय व्हायची? एका माजघरापुरती? मी सोता करीन, चोपून देईन, पैसं नको तुमचं.”

तिने खाली पाहतच करारातली अट सांगितली. मालक इथे नसतील तेव्हा घर पाहुण्यांना भाड्याने द्यायची स्कीम होती, म्हणून आतलं काहीच बदलता येत नव्हतं. स्वरूपने ते वाचून सही केली होती. आणि वसाहतीत गुरं आणायची नाहीत, शेण आणायचं नाही, हे नियमात वेगळं लिहिलेलं होतं. मला भांडायचं होतं, पण भांडायचं कुणाशी? एकोणीस प्रिंट माझ्या हातातून गेल्या होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत टाइल लिहिलेलं होतं. ते मी एकोणीस वेळा वाचलं होतं.

परत येताना गाडीत वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. खोलीत पोचल्यावर त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या आणि चार दिवस जेमतेम पेज घेतली. काशीरामदादा दुकानात आले नाहीत. मी एकदा डोकावलो तर ते खाटेच्या पायाशी जमिनीवर बसून टाइलवर हात फिरवत होते. मला म्हणाले, “पन्नास वर्षं मी लोकांची घरं बांदली, भाऊ. जमीन बायका करतात म्हनून तिकडं कवा बगितलंच नाय.”

पाचव्या दिवशी सकाळी नऊला मी दुकान उघडायला आलो तर शेणाचा वास. दुकानात वास, बोळात वास. माझं डोकं सटकलं. धावत मागे गेलो, दार ढकललं.

काशीरामदादा गुडघ्यांवर होते. कोपरापर्यंत हात भरलेले. नाचणे गावाकडच्या कुठल्या तरी गोठ्यातून बादलीभर शेण आणि गोणभर लाल माती आणली होती, आणि माझी आरशासारखी टाइल खाटेपासून सारवत निघाले होते. आधी गवंड्याच्या सवयीने थापीने सपाट केलं असावं, मग आठवण झाली असावी, कारण वर बोटांचे वळसे ओढले होते. वेडेवाकडे, कुठे जाड, कुठे पातळ. खाटेजवळचं वाळायला लागलं होतं आणि त्याच्या कडा पोपडे होऊन वर वळत होत्या.

शिवी ओठांवर आली होती, ती गिळली. एवढंच म्हटलं, “दादा, टाइल आहे ती. धरणार नाही.”

“ठावूक हाय,” ते म्हणाले. वर न पाहता.

खाट करकरली. सखूवहिनी उठून बसल्या होत्या. नाक वर करून त्यांनी वास घेतला, मग एक पाय खाली सोडला. तळवा सारवणाला लागला तसा त्यांचा चेहरा हलला. दुसरा पाय सोडला. आणि खाटेच्या कडेला हात न लावता त्या उभ्या राहिल्या.

“कोन सारवतंय? बोटं उलट्या अंगाला ओढल्याव.”

दादांनी बोटं फिरवली आणि सुलट्या अंगाने पुढे ओढत निघाले. वहिनी त्यांच्या मागून चालायला लागल्या. एक पाऊल. दोन. मी दारातून मोजत होतो. तीन, चार. हात भिंतीला नाही, मान ताठ. काशीरामदादा गुडघ्यांवर मागे सरकत, त्यांच्या पावलापुढे घाईघाईने सारवत होते. पाच. सहा. खोलीच्या मध्यावर त्या पोचल्या.

सातव्या पावलाला तळवा टाइलवर पडला. वहिनी जागच्या जागी थांबल्या, दोन्ही हात हवेत.

“पुढं?” त्यांनी विचारलं.

काशीरामदादा रिकाम्या बादलीचा तळ हाताने खरवडत होते.