मोलीचं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. म्हणून मुलीला सातवा लागल्यावर मी खरवईच्या आमच्या फ्लॅटमधली तिची खोली आवरली, डिंक आणला, खारीक कुटून ठेवली. तेवढ्यात पुण्याहून तिचा फोन आला, "आई, मी इथंच राहते गं. डॉक्टर इथली आहे, ह्यालाही रजा मिळतेय." मी "बरं" म्हटलं आणि पुढचे काही दिवस भांडी आदळली.

"डोकं दुसरीकडे लाव," नवरा म्हणाला. म्हणून उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराने पोट टम्म झालेली, मोली जातीची एक काळी मासळी दाखवली. "आंटी, ये अंडा नहीं देती, सीधा बच्चा देती है. भरी हुई है."

आम्ही मासे खाणारी माणसं. माशाचं पोट फुगलं म्हणजे आत गाभोळी, आणि गाभोळीची जागा तव्यावर, एवढंच माझं मत्स्यज्ञान. पण "भरी हुई है" ऐकलं आणि मलाच भरून आलं. मुलगी येत नाही ना? ही येईल! टाकी, हिरवं शेवाळ आणि बाळंतिणीला वेगळं ठेवायचा प्लॅस्टिकचा डबा असं सगळं घेऊन मी घरी आले.

मग मी तिचं बाळंतपण काढायला घेतलं. तिला त्या डब्यात ठेवलं. ताकद यावी म्हणून उकडलेल्या अंड्याचा बलक चारला, पाणी ताकासारखं झालं. ते बदललं. दृष्ट लागू नये म्हणून टॉवेल टाकला आणि दर थोड्या वेळाने तो उचलून मीच बघत राहिले. "उतावळी आजी, गुडघ्याला झबलं," नवरा म्हणाला. "आता पाण्यात ओवा-शेपाही टाक."

मोली डब्याच्या कोपऱ्यात तोंड वर करून धापा टाकत होती. व्हिडिओ कॉलवर मुलीला कौतुकाने दाखवली. मुलगी बराच वेळ बघत राहिली. "आई, ती घाबरलीय. सोड ना तिला."

मला राग आला. मला शिकवतेय! पण मोलीचे कल्ले बघवेनात. टाकीत सोडली.

सकाळी शेवाळात काहीतरी हललं. जिऱ्याएवढी, डोळेवाली, काळी पिल्लं! माझ्याशिवाय, ओव्याशिवाय, टॉवेलशिवाय झाली होती. मी आनंदाने ओरडले आणि लगेच घात केला. आई पिल्लं खाते असं ऐकलं होतं, म्हणून ती वाचवायला चहाची गाळणी घेऊन पाण्यात उतरले. शेवाळात लपलेली पिल्लं घाबरून उघड्यावर आली, आणि मोलीने माझ्या डोळ्यांदेखत दोन मटकावली. वाचवायला गेले आणि मीच हाकलून तिच्या तोंडी दिली. गाळणी तिथेच टाकून मी रडले, अगदी नाक ओढत.

मुलीला फोन करून सगळं सांगितलं, गाळणीसकट.

"किती राहिली?" तिने विचारलं.

"मोजू नयेत गं, दृष्ट लागते."

ती हसली, मग हळूच म्हणाली, "आई, मला पण भीती वाटते. तू इकडे येशील? मी सांगितलं असतं आधीच, पण तू म्हणाली असतीस, माहेरीच चल."

म्हणाले असतेच. मी फक्त विचारलं, "लाडू चालतील?"

"चालतील. गाळणी आणू नकोस."

नवऱ्याला टाकीत हात घालायचा नाही अशी तंबी दिली आणि बॅग भरली. डिंकाचे लाडू, झबली, जुन्या मऊ साड्या. सवयीने चहाची गाळणीही आत गेली होती. ती काढून ओट्यावर ठेवली. चहा गाळायला तिच्याकडे तिची असेल.