मागे नुसतं ‘परफ्यूम’

माझी आई बंदराजवळच्या एका कारखान्यात कोळंबी सोलायची. तिथे रोज सकाळी फाटकावर सुपरवायझर बायकांचे हात उलटेपालटे करून बघतो. जखम, पुरळ, फोड दिसला की बाई माघारी. माल परदेशात जातो. हाताला लावलेल्या औषधाचा अंश कोळंबीत सापडला तर अख्खा कंटेनर परत येतो म्हणतात.

काम सुटलं की बायका नळावर हात घासतात आणि वासाची क्रीम फासतात, कारण रिक्षेत शेजारची बाई नाकाला पदर लावते. माझं मांडवीत कटलरीचं छोटं दुकान आहे, बांगड्या, टिकल्या, पावडरी. आईला मोगऱ्याच्या वासाची क्रीम मीच दिली, आणि मोठ्या तोऱ्यात दिली. आता बघू कोण नाक मुरडतं ते, असंही वर म्हटलं. आईने कौतुकाने ती आपल्या टेबलावरच्या सगळ्या बायकांना घ्यायला लावली.

काही महिन्यांनी तिच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुरू झाली. मग पाणी धरलेले फोड, मग भेगा. कोळंबीचं पाणी हात खातं, हे त्या कामातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे क्रीमवर संशय गेलाच नाही. उलट हात चरचरले की ती जास्त चोपडायची. पुढे पुढे पुरळ दिसू नये म्हणून सकाळी निघतानाही लावायला लागली. मी नव्या ट्यूब देत राहिले.

एका सोमवारी सुपरवायझरने तिला बाजूला काढलं. माणूस वाईट नव्हता, हात बरे झाले की ये म्हणाला. आई घरी आली आणि डबा न उघडता ओटीवर बसून राहिली.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा क्रीमबद्दल विचारलं. वासाची प्रत्येक वस्तू बंद करायला सांगितली. वासातल्या एखाद्या रसायनाशी अंगाने एकदा वैर धरलं की ते सहसा जन्मभर सुटत नाही, असं म्हणाल्या. नेमकं कुठलं ते कळलं असतं, तर निदान तेवढंच टाळता आलं असतं.

माझा नवरा जहाजावर असतो. मागे युरोपातल्या एका बंदरावरून त्याने त्याच कंपनीची, त्याच वासाची ट्यूब आणली होती. दोन्ही शेजारी ठेवल्या. त्याच्या ट्यूबवर मागे बारीक अक्षरात वासातल्या सात-आठ रसायनांची नावं होती. माझ्या दुकानातल्या ट्यूबवर एकच शब्द, परफ्यूम. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिकडच्या बाईला नावं, इकडच्या बाईला नुसता वास!

दोन्ही ट्यूब घेऊन मी सरकारी कचेरीत गेले. साहेबांनी बसायला सांगितलं, चष्मा वर करून ट्यूब वाचली. परवाना आहे, तारीख आहे, नियमाप्रमाणे ‘परफ्यूम’ एवढं पुरे, म्हणाले. कुठल्या घटकाने बाधा झाली ते लिहून द्या, बंदीच्या यादीत आहे का बघतो. तो मला कसा कळणार, मी विचारलं. कंपनीला विचारा, म्हणाले. परदेशी ट्यूब पुढे केली, तर इथला माल तोच कशावरून, असं म्हणाले. कंपनीला लिहिलं, तर त्यांचं पत्र आलं, की वासाची कृती हे त्यांचं गुपित आहे. परदेशी ताटात जाणाऱ्या कोळंबीला काय लागलं ते तपासायला माणसं आहेत. ती सोलणाऱ्या हातांना काय लागलं, ते विचारायची सोय नाही. माझा संताप अजून उतरलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्या स्वतःवरच आहे.

दुकानातली उरलेली क्रीम मी फेकून दिली. आईचं समाधान झालं नाही.

“माझ्या टेबलावरच्या बायकांचा काय?” ती म्हणाली. “माझ्या शब्दावर घेतलानी त्यांनी. तू विकलंस, तूच जा नि सांग.”

गेले. पहिलंच घर आईच्या शेजारी बसून सोलणाऱ्या काकींचं. त्यांनी प्रेमाने आत बोलावलं, आईचे हात कसे आहेत विचारलं. मी क्रीमचं सांगायला लागले, तसे त्यांनी आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. मी म्हटलं, काकी, दाखवा बघू. त्यांनी दाखवले नाहीत.

“सुपरवायझरला सांगू नको गो,” त्या म्हणाल्या. “घरात मी एकटीच कमावतंय.”