कॅमेऱ्याचं मागे राहिलेलं घड्याळ

ऑर्व्हिल कोस्किलानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, तोही माऊसच्या एका टिचकीनं. 'फोटोखाली वेळ दाखवा' असा चौकोन दिसला, आणि गड्यानं त्यात खूण केली.

ऑर्व्हिल कालव्यावरच्या उचलत्या पुलाचा चालक. जहाज आलं की रस्ता अडवायचा, दांडा ओढायचा, पूल वर न्यायचा. बावीस वर्षं झाली, पेन्शनला दोन उरली होती. उरलेल्या वेळात तो जहाजांचे फोटो काढी आणि आपल्या वेबसाइटवर ओतत राही. ती वेबसाइट म्हणजे अडगळीची खोली: तीनशे चाळीस फोटो, निम्म्यांत नुसते समुद्रपक्षी.

"पक्ष्यांनी पैसे दिलेत काय रे तुला?" मर्लनं विचारलं होतं. मर्ल म्हणजे जन्म बोटींवर काढलेला म्हातारा. आता काठावर खुर्ची टाकून बसतो आणि प्रत्येक जहाज वहीत टिपतो. "नाव, दिशा, वेळ लिही. नाहीतर तो फोटो नव्हे, कॅलेंडर."

जूनमधली आठवडाभराची सुट्टी खर्चून ऑर्व्हिलनं चाळीस फोटो ठेवले, बाकीचे उडवले. सगळ्यांत वर मे महिन्यातला लाडका फोटो: धुक्यातून नाक काढणारं मालवाहू जहाज. खाली नाव, दिशा आणि वेळ. सकाळी ६:४२.

मंगळवारी त्याखाली मर्लची टीप आली. "हे जहाज पावणेआठला गेलं. वहीत आहे. हरलास तर बेकरीतली मटण-बटाट्याची गरम पेस्टी तुझ्याकडून, हरलो तर माझ्याकडून."

ऑर्व्हिल हसत हसत कॅमेरा तपासायला गेला आणि हसू विरलं. मार्चमध्ये, दरवर्षीसारखी उन्हाळी वेळ लागली तेव्हा, सगळ्या गावानं घड्याळं तासभर पुढे केली होती. त्याचा कॅमेरा अजून हिवाळ्यातच होता. खरी वेळ ७:४२. सातला त्याची पाळी सुरू झालेली, आणि ७:४२ ला पूल वर चाललेला.

पुलाच्या केबिनमध्ये कॅमेरा आणायचाच नाही, हा नियम. गेल्या वर्षी पूल हलताना फोन पाहिला म्हणून एकाला घरी बसवलं होतं.

वेळ दुरुस्त करावी तर आपणच कबुली दिल्यासारखं. चुकीची ठेवावी तर मर्ल गावभर वही नाचवणार. फोटो उडवावा तर का उडवला, हे सगळे विचारणार. दोन दिवस असेच गेले. फोन वाजला की दचके.

गुरुवारी वरिष्ठ डोलोरेस जिना चढून केबिनमध्ये आली. एका हातात फोन, दुसऱ्यात पेन.

"वेबसाइट छान झाली हं, ऑर्व्हिल."

"हो का?"

"वेळाबिळा टाकल्यास. ह्या फोटोत ६:४२. तुझ्या नोंदवहीत तेच जहाज ७:४५. कोण खोटं बोलतंय?"

"मर्लनं काढला असेल" हे त्याच्या जिभेवर आलंच होतं. पण मर्लला कॅमेरा धरता येत नाही, हे काठावरच्या कुत्र्यालाही ठाऊक.

"कॅमेरा," तो पुटपुटला. "तासभर मागे आहे."

डोलोरेसनं पेन दांड्याकडे रोखलं. "मग दांडा कुणाच्या हातात होता?"

"उजव्या. माझ्याच. डाव्या हातात कॅमेरा."

पेनाचं टोपण निघालं. टोपण पुन्हा बसलं.

"फोटो आजच काढून टाक. कॅमेरा गाडीत ठेव. पुन्हा दिसला तर लिहीन, आणि पेन्शनचं मला सांगू नकोस." जिन्यावरून ती वळली. "बाकीच्यांच्या वेळा नीट कर. मर्लनं मलाही फोन केला होता."

फोटो गेला, वेळा सुधारल्या. काठावरून मर्ल रोज ओरडतो, "तो झकास फोटो कुठं गेला रे? आणि माझी पेस्टी?"

ऑर्व्हिल हात हलवतो, आणि चटकन दांड्यावर ठेवतो. पेस्टी घेऊन गेलं तर पहिल्या प्रश्नाचंही उत्तर द्यावं लागेल. म्हणून ती अजून राहिलीच आहे.