नऊ वर्षांचे कोवळे बांबू

अमेरिकेत बॉथेलला मुलाच्या घरी राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं मी शेजाऱ्यांशी नुसती मान हलवून बोलले. शेजारी म्हणजे ऐंशीच्या घरातले एकटे आजोबा. ते हात वर करायचे, मी मान हलवायची, की दोघंही सुटलो. त्यांच्या आणि आमच्या आवारामध्ये कुंपण नाही, बांबूंची दाट रांग आहे. तिच्या फटीतून त्यांचं सगळं दिसायचं आणि मी बघायचे. लाजऱ्या बाईला याहून चांगला आडोसा नाही.

माझे वडील बुरूडकाम करायचे. सुपं, टोपल्या, शिड्या. बांबू निवडायला मला बरोबर न्यायचे. "सुपाला कोवळा, शिडीला जून," हे त्यांचं एकच शास्त्र. कोवळ्याच्या कामट्या हव्या तशा वाकतात, पण वजन घ्यायचं तर जूनच हवा.

बांबूचं आयुष्य माणसाच्या उलटं असतं. माणूस जन्मतो वीतभर आणि मग जन्मभर जाड होत जातो. बांबू जमिनीतून वर येतो तोच पूर्ण जाडीचा. दोन-अडीच महिन्यांत सगळी उंची गाठतो आणि नंतर वाढणं सोडून देतो. पुढची वर्षं तो फक्त घट्ट होत राहतो. तिसरं वर्ष सरलं की कापण्याजोगा. आठ-दहा वर्षं झाली की म्हातारा, मग उभ्या उभ्या वाळतो. त्यामुळे जाडी बघून वय काढलं की फसलंच. पसरणाऱ्या बांबूत तर नवे कोंब आदल्या वर्षीच्यापेक्षा जाड निघतात, म्हणजे सगळ्यात दणकट दिसणारा तोच सगळ्यात लहान.

आजोबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. घेवड्याच्या वेलांना आधार म्हणून ते दरवर्षी शोधून शोधून जाड बांबू कापायचे. वर्षभरात ते बांबू वाळक्या गवारीसारखे सुरकुतायचे, वेल शेंगांसकट आडवे व्हायचे, आणि आजोबा कमरेवर हात ठेवून वेलांवरच रागवायचे. मी फटीतून बघून हळहळायचे आणि आत येऊन पोळ्या लाटायचे.

या वर्षी मात्र गोष्ट वेलांची नव्हती. आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरामागून बागेत उतरायला त्यांना पाच दगडी पायऱ्या आहेत. काठी टेकत, तिरके होत ते एकेक पायरी उतरायचे. एका सकाळी त्यांनी पायऱ्यांच्या कडेला दोन लाकडी खांब ठोकले आणि हातात टेप घेऊन बांबूंच्या रांगेशी आले. कठडा करायचा होता. टेप पुन्हा जाड, कोवळ्या बांबूंनाच लावतायत हे बघितलं आणि माझ्या हातातली चहाची गाळणी सिंकमध्ये पडली. शेंगा पडल्या तर वेचता येतात. ऐंशी वर्षांचा माणूस दगडावर पडला तर?

सुनेला सांगितलं.

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना, आई. ही इज सो स्वीट."

"मला कुठे येतं इंग्रजी?"

"त्यांना कुठे येतं मराठी? दोघं सेम लेव्हलला आहात," सून म्हणाली. ती नागपूरची, तिचं बोलणं असंच. "बरं, वीकेंडला मी बोलते. आज ऑफिसचं रिलीज आहे."

वीकेंडला अजून तीन दिवस होते. आजोबांची करवत बाहेरच टेकून ठेवलेली होती. मग मला एक युक्ती सुचली, आणि ती बोलायला न लागणारी होती म्हणून फारच आवडली. दुसऱ्या दिवशी आजोबा उठायच्या आत ड्रॉवरमधला काळा मार्कर घेऊन मी रांगेत शिरले आणि एकेका बांबूवर त्याचं वय लिहायला लागले.

वय ओळखायचं म्हणजे आधी बुंधा बघायचा. टरफल चिकटून असेल आणि गाठीखाली पांढरी भुकटी असेल तर यंदाचा. भुकटी उडालेली, रंग अजून हिरवागार, तर दोन. रंग मळका झाला आणि अंगावर शेवाळाचे डाग आले की तीन. पण इथल्या ओलीत शेवाळ कशावरही येतं, मुलाच्या गाडीच्या काचेच्या रबरावरसुद्धा आलंय. म्हणून डागांवर विश्वास न ठेवता बोटाच्या पेराने ठोकून बघितलं. कोवळा भद्द वाजतो, जून टणटण. चौथीनंतर मला फळ्यावर लिहायची वेळ कधी आली नव्हती. त्या सकाळी वीस-बावीस फळे मिळाले. १, २, ३, सगळं सुवाच्य.

दुपारी आजोबांनी चष्मा लावून एकेक आकडा वाचला. मग आमच्या खिडकीकडे बघून दोन्ही हात वर केले. मी पडद्यामागूनच मान हलवली. काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी मी भेंडी चिरत होते, तेवढ्यात सून पत्रपेटीकडून आत आली.

"आई, तुम्ही बांबूवर नऊ लिहिलंत का हो?"

"मी कशाला नऊ लिहीन? नऊ वर्षांचा म्हणजे म्हातारा."

"पत्रपेटीपाशी आजोबा थँक यू म्हणत होते तुम्हाला. म्हणे, आकडे म्हणजे वयं हे त्यांनी लगेच ओळखलं, आणि त्यांचा अंदाज बरोबर होता, जाड ते सगळे नऊ वर्षांचे. सगळे नऊवाले कापून कठडा झालासुद्धा."

"जाड होते त्यांच्यावर तर मी एक लिहिलाय," मी म्हणाले. सुनेने भेंडीच्या पाण्यात बोट बुडवून ओट्यावर माझा १ काढला. शेपटीवाला, गोल डोक्याचा, अगदी त्यांचा नऊ. दोन आणि तीन तर त्यांच्यासारखेच, म्हणून त्यांना शंकाही आली नाही.

"वा, आई. नवजात बाळांना डायरेक्ट चौथीत घातलंत."

"तू चल माझ्याबरोबर."

"माझी मीटिंग आहे, दोन मिनिटांत. तुम्ही जा. पळा."

मी निघाले. आजोबा वरच्या पायरीवर उभे होते, काठी बाजूला ठेवून नव्या कठड्यावर हात टेकायच्या बेतात.

"नो," मी म्हणाले. दोन वर्षांत त्यांच्याशी बोललेला माझा पहिला शब्द.

ते थांबले. "नाइन," कठड्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवून ते अभिमानाने म्हणाले.

"नो नाइन. वन. बेबी." मी दोन्ही हातांनी पाळणा हलवल्यासारखं केलं. त्यांना वाटलं, आमच्या घरी बाळ आलंय. त्यांनी अभिनंदन केलं.

मग मी खाली जाऊन घेवड्यातला गेल्या वर्षीचा एक जाडजूड बांबू उपटून आणला आणि त्यांच्या हातात दिला. अंगठ्याने दाबा म्हणून खूण केली. त्यांनी दाबलं. बांबू पापडासारखा आत गेला. त्यांनी त्या भोकाकडे बघितलं आणि मग कठड्याकडे. मी मार्करने कठड्यावरच्या १ शेजारी त्यांचा 1 काढला आणि मध्ये बरोबरच्या दोन आडव्या रेघा मारल्या.

आजोबा काठीने तो बांबू ठोकायला लागले. भद्द. रांगेतल्या ३ ला जाऊन ठोकलं. टण. पुन्हा भद्द, पुन्हा टण. मग हसता हसता खालीच बसले.

रविवारी मुलाने, सुनेने आणि आजोबांनी मिळून नवा कठडा बांधला. बांबू कुठला ते मी ठोकून सांगत होते, तोंडाने, मोठ्याने. शेवटची गाठ आवळल्यावर आजोबांनी काठी माझ्या हातात दिली आणि उतरले. पहिल्या पायरीवर त्यांनी कठड्यावर सगळं अंग टाकलं. बांबू जरासुद्धा वाकला नाही. ते बागेतल्या भोपळ्यांपर्यंत गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. खाली काहीच काम नव्हतं. चौथ्या खेपेला सून म्हणाली, "आई, यांना आता थांबवा यार, दुसरा गुडघा जाईल."

"जाऊ दे त्यांना," मी म्हणाले.