सुपारी गालात आहे तोवर

काजूच्या शेडमध्ये दोन ढीग रोज वाढतात. एक टरफलांचा, दुसरा किश्श्यांचा. टरफलं निदान भट्टीत जळतात! किस्से कुठं टाकायचे? म्हणून सांगते.

हे सगळे आमच्या रांगेतल्या रंजनाचे. सासर नाटे गावचं, नवरा बोटीवर खलाशी. सासूनं तिला रत्नागिरीला माहेरी धाडलेली. "तोंड आवरायला शिकलीस की ये!" एवढंच सांगणं. पोरीला घरी जायचं होतं हो! पण गप्प बसेल तर शपथ!

*

पहिला दिवस. मुकादम सांगत होता, हाताला राख लावा, काजूच्या तेलानं कातडी जाते. मधेच हिनं तोडलं, "मुकादम, तुमच्या शर्टाची बटणं वरखाली लागलीत!"

सगळी रांग हसली. तो लालबुंद! "घालवा हिला! मोठ्यांशी बोलायची रीत नाय!"

मी उठले. "रीत मागाहून बघू. आधी बटणं बघा!"

बघितली. वरखालीच होती!

*

रांगेतल्या सुमनचा सासरा गेला म्हणून आम्ही भेटायला गेलो. घर चिडीचूप. सुमनची सासू भिंतीला टेकून बसलेली. आणि रंजना म्हणते काय, "मावशी, माळ्यावर फणस पिकलाय! वास सुटलाय!"

मी डावीकडून चिमटा काढला, दुसरीनं उजवीकडून. ही किंचाळली, "चिमटे कशाला काढता? मी नाय खाल्ला फणस!"

बाहेर आल्यावर तिला फैलावर घेतलं. "उद्धट आहेस का गो येडी?"

डोळे पुसत म्हणाली, "आक्का, तुमचे शब्द आत रांगेत उभे राहतात ना? माझे नाय राहत. सगळे एकदम दाराशी येतात. चुकलं ते कळतं मला, पण बोलून झाल्यावर कळतं."

आता बोला! पाय अधू असलेल्याला सरळ चाल म्हणून कोणी चिमटे काढतं? त्याला काठी देतात!

*

आमची काठी म्हणजे सुपारी. माझ्या चंचीत अडकित्ता कायम. नियम केला, समोरचं माणूस बोलतंय तोवर सुपारीचं खांड गालात, चावायचं नाही. त्याचं संपलं की खांड बाहेर, मग आपण बोलायचं.

मी नियमच सांगत होते, तेवढ्यात कडाम!

"आक्का, संपली! आता बोलू?"

मग सगळी रांगच शिकवायला लागली. एकीनं गाऱ्हाणी सांगायची, हिनं गालात खांड धरून ऐकायचं. आणि चावली नाही की आम्ही "शाब्बास गो!" म्हणून ओरडायचं. मुकादम म्हणाला, "इथं काजू फोडतात की शाळा भरते?" मी म्हटलं, "तुम्हीपण बसा. तुम्हाला दोन खांडं लागतील!"

*

शेडची पूजा होती. गाऱ्हाणं घालायला गावचे तात्या आलेले. ते देवाजवळ एकेक मागणं मागणार, आम्ही एका सुरात "होय महाराजा!" म्हणणार. इथं सुपारी चालत नाही, तोंड रिकामं लागतं! मालक पुढे हात जोडून उभे.

तात्या म्हणाले, "या बायांना दुपारची सुट्टी..." आणि दम खायला थांबले. पुढे त्यांना म्हणायचं होतं, "न घेता काम करायचं बळ दे." पण रंजना थांबते कुठं!

"होय महाराजा!"

तिच्यामागून सगळी रांग, "होय महाराजा!" सवयीनं मालकाच्याही तोंडून निघालं!

देवापुढे बोललेलं मागं कोण घेणार? त्या दिवसापर्यंत आम्ही बसल्या जागी भाकरी कोंबत होतो. दुसऱ्या दिवसापासून दुपारी भोंगा आणि सुट्टी!

*

त्याच सुट्टीत एकदा रंजनाची सासू आली. गोणपाटावर बसली, पण पाठ ताठ. "तुला न्यायला नाय आलेय हां. बघायला आलेय. पुढच्या गाडीनं परत जायचंय."

रंजनानं गुपचूप हात पुढे केला. मी खांड दिलं.

सासूनं सुरू केलं. पाहुण्यांत काय बोललीस, घरच्या पूजेला काय बोललीस, भटजींना मधे काय तोडलंस! रंजनाचा पाय थडथड हलत होता, डोळ्यांत पाणी आलं, पण खांड गालातच! आमच्या भाकऱ्या हातात तशाच.

शेवटी सासू थांबली. रंजनानं खांड तळहातावर काढलं. "आई, तुमचं झालं?"

"झालं."

"मला ना, मुद्दाम नाय—"

"अगो पण मी काय म्हणते—"

रंजना थांबली. परत म्हणाली, "आई, मी खूप—"

"पण माणसानं आधी—"

मी चंची सोडली, अडकित्ता काढला आणि सुपारी कातरली. खांडं तळहातावर घेऊन हात सासूपुढे धरला. तिनं माझ्याकडे बघितलं. सुनेच्या तळहातावरल्या ओल्या खांडाकडे बघितलं. मग माझ्या हातातलं सगळ्यात मोठं खांड उचलून गालात सारलं आणि सुनेला हातानं खूण केली, बोल!

समोरून नाट्याची एस.टी. गेली. सासूबाईंच्या गालात सुपारी होती.